बाळंतिणीच्या ताटातला पारा

अंगावर भरपूर दूध यावे म्हणून बाळंतिणीला मोरीचे कालवण द्यायचे, हा मालवण किनाऱ्यावरचा जुना रिवाज. मसुऱ्यासारख्या खाडीकाठच्या गावांत आजही घरातल्या थोरल्या बायका तो पाळतात. त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. मोरीला बारीक काटे नसतात, मांस मऊ असते, पचायला जड पडत नाही आणि ओल्या बाळंतिणीला ताकदीचे खाणे लागतेच. रिवाज पडला तेव्हा त्यात काही वावगे नव्हते. गेल्या दीडशे वर्षांत समुद्र मात्र बदलला. मोरी म्हणजे शार्क, दुसऱ्या माशांवर जगणारा शिकारी. आणि जगभरातून समुद्रात उतरणारा पारा शेवटी सर्वांत जास्त साठतो तो अशाच शिकारी माशांच्या मांसात.

याचा अर्थ मालवणी माणसाने मासे खाणे सोडावे असा मुळीच नाही. तसा सल्ला चुकीचाही ठरेल आणि तो कुणी ऐकणारही नाही. अर्थ एवढाच की कोणता मासा कुणी किती खावा, हे सरकारी आरोग्ययंत्रणेने बायकांना स्पष्ट सांगायला हवे, आणि पारा जिथून हवेत जातो त्या धुरांड्यांवर खराखुरा चाप बसायला हवा. आज या दोन्ही आघाड्यांवर भारत ढिला आहे.

गड नदी सह्याद्रीतून उतरून कणकवलीवरून मसुऱ्याला येते आणि कालावल खाडीतून समुद्राला मिळते. एका काठावर भरतगड, पलीकडे भगवंतगड, मध्ये कांदळवन आणि चिखल. या खाडीकाठी पारा वापरणारा कारखाना कधी उभा राहिला नाही. तरीही पाऱ्याचा प्रश्न या खाडीला लागू होतो, कारण पारा हा धातू असूनही वायुरूपाने प्रवास करतो. कोळशात तो अगदी किंचित असतो, एका टनात साधारण ०.१ ते ०.३ ग्रॅम. भट्टीत कोळसा जळाला की तो वाफ होऊन धुरातून बाहेर पडतो. त्यातला काही भाग रासायनिक क्रियेने विरघळणारा होतो आणि जवळपासच्या मुलखात पावसाबरोबर खाली येतो. उरलेला शुद्ध वाफेच्या रूपात कित्येक महिने वातावरणात तरंगत राहतो आणि पृथ्वीला वळसा घालतो. चंद्रपूरचे धुरांडे, चीनमधली भट्टी आणि ॲमेझॉनच्या जंगलातली सोन्याची खाण यांचा पारा हवेत एकत्र होतो. तो कुठल्या किनाऱ्यावर उतरेल याला देशाची हद्द नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१८ च्या जागतिक पारा अहवालात हिशेब मांडला आहे. २०१५ या एका वर्षात माणसाच्या उद्योगांनी सुमारे २,२०० टन पारा हवेत सोडला. त्यातला ३८ टक्के छोट्या सोनेखाणींतून. तिथे मजूर मातीत पारा कालवतात, सोने त्याला चिकटते आणि मग तो गोळा आगीवर धरून पारा उडवून देतात. त्याखालोखाल २१ टक्के वाटा कोळसा जाळण्याचा. माणसाच्या उद्योगांमुळे हवेतला पारा नैसर्गिक पातळीपेक्षा सुमारे ४५० टक्क्यांनी वाढला, असे हाच अहवाल सांगतो.

हवेतून पाण्यात उतरलेला पारा लगेच विषारी ठरत नाही. खरी गोम आहे ती खाडीच्या तळाशी. ओहोटीला कांदळवनातल्या चिखलात पाय घातला की काळा, कुजट वासाचा गाळ वर येतो. त्या गाळात प्राणवायू नसतो, आणि नेमके असेच जिवाणू तिथे राहतात जे समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात. त्यांतले काही जिवाणू पाऱ्याला कार्बनचा एक गट जोडून त्याचे मिथिल पारा हे संयुग बनवतात. हे कोणत्या जनुकांमुळे घडते ते अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये शोधून काढले. भर समुद्रातही प्राणवायू कमी असलेल्या थरांत हीच क्रिया चालते.

मिथिल पारा सूक्ष्म वनस्पतींत शिरतो, त्यांच्यावर जगणाऱ्या पेडव्यांत आणि तारल्यांत जातो, तारली खाणाऱ्या इसवणीत (सुरमईत) जातो, आणि सर्वांवर ताव मारणाऱ्या मोठ्या मोरीत, कुप्यात (ट्यूनात), तलवार माशात सर्वाधिक साठतो. दर पायरीला प्रमाण वाढत जाते. वयही महत्त्वाचे, कारण जितकी वर्षे मासा जगला तितका साठा मोठा. म्हणूनच हातभर लांबीची मोरी आणि माणसाएवढी मोरी यांत फार फरक असतो. हा पारा चरबीत नव्हे, मांसातल्या प्रथिनाला घट्ट चिकटलेला असतो. कातडी काढून, हळद-मीठ लावून, कोकम-तिरफळ घालून किंवा तव्यावर कडक तळून तो निघत नाही.

माणसाच्या शरीरात मिथिल पारा दोन महिन्यांच्या आसपास अर्धा होतो, म्हणजे खाणे बदलले तर सहा-आठ महिन्यांत तो बराच उतरतो. परंतु शरीरात असतो तोवर तो मेंदूत शिरतो आणि वार ओलांडून गर्भातही जातो. नाळेतल्या रक्तात त्याचे प्रमाण आईच्या रक्तापेक्षाही जास्त, साधारण दीड ते पावणेदोन पट आढळते. वाढत्या मेंदूच्या पेशी आपल्या जागी सरकत असतात, एकमेकींशी जोडल्या जात असतात, त्याच महिन्यांत हा पाहुणा पोचतो. आईच्या दुधातून तो त्या मानाने बराच कमी जातो. त्यामुळे बाळंतपणानंतरच्या मोरीपेक्षा जास्त काळजी हवी ती पोटात बाळ असतानाच्या, आणि त्याच्या आधीच्या काही महिन्यांच्या खाण्याची.

या विषाने काय होते हे जगाला मिनामाता या गावाने दाखवले. जपानच्या क्युशू बेटावर, कुमामोतो प्रांतातले हे मासेमारीचे गाव. तिथल्या चिस्सो कंपनीने १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड बनवायला सुरुवात केली आणि पारामिश्रित सांडपाणी उपसागरात सोडले. आधी मांजरे झिंगल्यासारखी नाचत मरू लागली. मग माणसांचे हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले, नजर आकसली. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच दवाखान्यातले डॉ. होसोकावा हाजिमे यांनी या अज्ञात आजाराची खबर सरकारी आरोग्य कार्यालयाला दिली. तोच या रोगाच्या नोंदीचा पहिला दिवस धरला जातो. १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाने सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. डॉ. होसोकावा यांनी स्वतः कारखान्याचे सांडपाणी मांजराला खाऊ घालून तीच लक्षणे पाहिली, पण कंपनीने तो प्रयोग दडपला. सरकारने कारखान्याला जबाबदार धरले ते सप्टेंबर १९६८ मध्ये, म्हणजे पहिल्या खबरीनंतर बारा वर्षांनी. तोवर अशी मुले जन्मली होती ज्यांच्या आयांना जेमतेम मुंग्या येत होत्या आणि मुले मात्र कायमची अंथरुणाला खिळलेली होती. आईने मासे खाल्ले आणि विष पोटातल्या बाळाने उचलले, हे त्या घरांमध्ये उघड दिसले.

मिनामाता हा टोकाचा प्रसंग. मालवणसारख्या किनाऱ्याला जास्त लागू पडतात ते दोन बेटांवरचे अभ्यास. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर लोक पायलट व्हेलचे मांस खातात. तिथे १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांच्या नाळेतल्या रक्तातला पारा मोजून फिलिप ग्राँजाँ आणि पाल वाइहे यांनी त्या मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. सातव्या वर्षी तपासले तेव्हा जास्त पारा असलेली मुले भाषा, लक्ष आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत मागे पडलेली आढळली. आजारी म्हणावीत अशी ती नव्हती. शाळेत थोडी मागे राहणारी, एवढेच. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरचे निष्कर्ष मात्र वेगळे निघाले. तिथल्या आया आठवड्याला सरासरी बारा वेळा मासे खात होत्या, तरी मुलांमध्ये तसा ठळक तोटा दिसला नाही. तिथले खाणे समुद्रातल्या नाना जातींच्या माशांचे होते, व्हेलचे नव्हे. माशांतली मेंदूला पोषक मेदाम्ले आणि इतर पोषणद्रव्ये पाऱ्याचा काही तोटा भरून काढतात, असे संशोधकांना वाटते.

दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की एकच शहाणपणाची वाट उरते: मासे भरपूर, पण निवडून. फेरोच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी १९९८ मध्ये गरोदर होऊ पाहणाऱ्या बायकांना व्हेलचे मांस टाळा असे सांगितले. बायकांनी ते ऐकले आणि त्यांच्या शरीरातला पारा खाली आला. सल्ला दिला तर उपयोग होतो, याचा याहून चांगला दाखला नाही.

हिशेब साधा आहे. जागतिक अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ समितीने आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम मिथिल पारा ही मर्यादा घातली आहे. ५५ किलो वजनाच्या बाईला म्हणजे आठवड्याला ८८ मायक्रोग्रॅम. मोठ्या शिकारी माशात किलोला १ मिलिग्रॅम पारा असणे नवलाचे नाही. शार्कसाठी युरोपने तेवढी कमाल मर्यादाच ठेवली आहे. अशा माशाची ८८ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक मोठी तुकडी खाल्ली की आठवड्याचा वाटा संपला. तारलीसारख्या छोट्या माशात किलोला ०.०५ मिलिग्रॅम धरला तर तीच बाई आठवड्याला पावणेदोन किलो मासे खाऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर बायकांसाठी अशाच हिशेबावर यादी केली आहे. टाळा म्हणून सांगितलेल्यांत शार्क आहे, तलवार मासा आहे आणि किंग मॅकरेल आहे, जो आपल्या इसवणीच्याच कुळातला. चांगली निवड म्हणून सांगितलेल्यांत तारली, कोळंबी आणि मांदेलीच्या जातीचे छोटे मासे आहेत.

हाच हिशेब मालवणीत सांगायचा तर असा: बांगडो, तारले, पेडवे, मुडदुशे, कोळंबी, तिसरे खुशाल खावेत, मोठी मोरी, मोठा कुपा आणि दांडगी इसवण गरोदरपणात आणि मूल अंगावर पीत असताना बाजूला ठेवावी. यात खर्चाचे काही नाही, उलट बचत आहे. तरीही भारतातल्या गरोदर बाईच्या हातातल्या माता व बाल संरक्षण कार्डावर लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताची लस, वजन, हिमोग्लोबिन हे सगळे असताना माशाच्या निवडीबद्दल मार्गदर्शन नाही. देशभर एकच कार्ड चालते हे कारण पुरेसे नाही. किनारपट्टीच्या जिल्ह्यांत एक ओळ वाढवता येते.

मासेमारांना भीती वाटेल की असा सल्ला दिला की धंदा बसेल. ती भीती समजण्यासारखी आहे, पण नीट पाहिले तर उलटे घडेल. बांगडा आणि तारली ही रापणकराची मासळी. किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या या छोट्या मच्छीमारांचा पर्ससीनवाल्यांशी वर्षानुवर्षे जो तंटा चालू आहे, तो याच मासळीच्या थव्यांवरून. आरोग्य केंद्राने बायकांना बांगडा-तारली खा असे ठासून सांगितले, तर भाव मिळेल तो रापणीच्या पाटीला.

आणखी एक विसंगती डोळ्यांत खुपते. युरोपला जाणाऱ्या भारतीय मासळीची शिसे, कॅडमियम आणि पारा यांच्यासाठी तपासणी होते. त्याशिवाय तिकडची बाजारपेठ माल उतरवून घेत नाही. परदेशी गिऱ्हाइकाच्या ताटासाठी जी प्रयोगशाळा, जे यंत्र आणि जो अधिकारी उपलब्ध आहे, तो मालवणच्या बंदरावर लिलावात निघणाऱ्या मोरीसाठी नित्यनेमाने उपलब्ध नाही. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, रत्नागिरीत सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे. वर्षातून चार हंगामांत मालवण, देवगड आणि वेंगुर्ल्याच्या बंदरांवरून दहा-बारा जातींचे नमुने उचलून पारा मोजणे आणि आकडे मराठीत जाहीर करणे त्यांना अवघड नाही.

मोजमापाची परंपरा आपल्याकडे नाही असे कुणी म्हणू नये. गोव्यात दोना पावलाला मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने सत्तरच्या दशकातच हिंदी महासागरातल्या माशांचा पारा मोजायला सुरुवात केली होती. गोव्याची हद्द ओलांडली की लागणाऱ्या कारवारजवळ, बिणग्याला, कॉस्टिक सोड्याचा कारखाना होता. त्या परिसरातल्या पाऱ्यावर केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या कृष्णकुमार आणि पिल्लै या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. उत्तरेकडे ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या कारखान्यांचे पारामिश्रित सांडपाणी उल्हास नदीच्या खाडीत जात होते. तिथल्या गाळावर अनिरुद्ध राम, एम. डी. झिंगडे आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सविस्तर अभ्यास मांडला. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन करताना पूर्वी पाऱ्याचा थर वापरत. दर टनामागे थोडा पारा निसटायचा आणि खाडीत जायचा. मालवणातून मुंबईला गेलेले कित्येक चाकरमानी ज्या खाड्यांची मासळी विकत घेत होते, त्या याच.

पण ही गोष्ट आशेचीही आहे. २००३ मध्ये केंद्र सरकार आणि उद्योगांनी पर्यावरणाच्या जबाबदारीचा जो करार केला, त्यात पारा वापरणाऱ्या सोडा कारखान्यांनी पारा न लागणाऱ्या पडद्याच्या (मेम्ब्रेन) तंत्राकडे वळायचे ठरले. विजेची बचतही होत असल्याने कारखाने वळलेही. दिव्यांचेही तसेच. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली, एलईडीचा भाव कोसळला आणि प्रत्येकी काही मिलिग्रॅम पारा असलेले सीएफएल घराघरांतून हद्दपार झाले. हेतू पक्का, पर्याय हाताशी आणि मुदत ठरलेली असली की भारत पारा सोडू शकतो.

जिथे हेतू ढिला पडला तिथे काय होते, ते कोडाइकनालला दिसले. अमेरिकेतल्या वॉटरटाउनहून ऐंशीच्या दशकात तिथे थर्मामीटरचा कारखाना हलवण्यात आला आणि पुढे तो मुंबईत मुख्यालय असलेल्या हिंदुस्तान लिव्हरकडे आला. २००१ मध्ये पारा लागलेल्या काचांचा ढीग गावातल्या भंगारवाल्याकडे सापडला तेव्हा कारखाना बंद झाला. २००३ मध्ये सुमारे २९० टन पारामिश्रित कचरा अमेरिकेला परत पाठवावा लागला, आणि माजी कामगारांशी तडजोड व्हायला २०१६ साल उजाडले. अलीकडचा धडा अकोल्याचा. गोरे करणारे मलम लावल्यानंतर एकाच घरातल्या तीन बायकांची मूत्रपिंडे बिघडली आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी त्या मलमातल्या पाऱ्यापर्यंत माग काढला. केरळात मलप्पुरमलाही २०२३ मध्ये असेच रुग्ण सापडले. सौंदर्यप्रसाधनात पारा मिसळायला भारतात बंदी आहे, तरी ही मलमे खुल्या बाजारात मिळतात.

मात्र सर्वांत मोठे अपयश कोळशाचे आहे, आणि ते थेट मसुऱ्याच्या शेजाराशी निगडित आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात चार हजार मेगावॉटचा महाकाय औष्णिक प्रकल्प सिंधुदुर्गात आणण्याचे घाटत होते. आधी विजयदुर्गजवळच्या गिर्ये गावाचे नाव होते, नंतर आचऱ्याच्या पलीकडचे मुणगे. आंबा बागायतदार आणि मच्छीमार उभे राहिले आणि प्रकल्प झाला नाही. त्यांच्या बाजूने साधे गणित मांडता येते. एवढा प्रकल्प वर्षाला एक कोटी टनांहून अधिक कोळसा जाळतो. टनामागे ०.१ ग्रॅम पारा धरला तरी वर्षाला एक टन. त्यातला काही राखेत अडकला असता, काही दूरवर गेला असता, काही आचरा आणि कालावलच्या खाड्यांत पावसाबरोबर उतरला असता. मुणग्याचा नकार म्हणजे विकासाला विरोध, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा विचारात घ्यावा.

सगळ्या देशाला मात्र वीज हवी आहे आणि ती आज मुख्यत्वे कोळशावरच मिळते, हे खरे. म्हणून प्रश्न धुरांड्यावरच्या मर्यादेचा. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१५ रोजी औष्णिक केंद्रांसाठी पाऱ्याची पहिली मर्यादा घातली: एका घनमीटर धुरात ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम. पाऊल स्वागतार्ह होते. पण भारतीय कोळशात किलोला ०.१५ मिलिग्रॅम पारा आणि एका किलोमागे सहा घनमीटर धूर धरला, तर सगळाच्या सगळा पारा धुरांड्यातून सोडून दिला तरी येतात २५ मायक्रोग्रॅम. म्हणजे काहीही न करता केंद्र उत्तीर्ण! युरोपीय संघाने २०१७ मध्ये मोठ्या दगडी कोळशावरच्या जुन्या केंद्रांना घातलेली कमाल मर्यादा ४ मायक्रोग्रॅम आहे. जी मर्यादा कुणालाच हात-पाय हलवायला लावत नाही, तिला मर्यादा कशाला म्हणायचे?

त्यात जुलै २०२५ मध्ये आणखी एक पाऊल मागे गेले. धुरातला गंधक धुऊन काढणारी संयंत्रे बसवण्यातून देशातल्या कोळशावरच्या सुमारे ७८ टक्के संचांना सूट मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी, संयंत्रे महाग, असा त्यामागचा युक्तिवाद. तो गंधकापुरता ऐकून घेता येईल. पण ही संयंत्रे जाता जाता पाण्यात विरघळणारा पाराही पकडतात, आणि तो फायदा या हिशेबात मांडलाच गेला नाही. भारतीय कोळशात क्लोरीन कमी असल्याने शुद्ध वाफेचा वाटा मोठा आणि म्हणून संयंत्राची पकड कमी, हेही मान्य. मग कोळसा धुऊन वापरणे, चांगल्या गाळण्या आणि धुरात सक्रिय कोळशाची भुकटी सोडणे हे ठाऊक असलेले मार्ग आहेत. सूट देताना त्यांतला एक तरी सक्तीचा करायला हवा होता.

धुरांड्यावर चाप लावल्याचा परिणाम माशापर्यंत पोचतो का? पोचतो. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, मेनच्या आखातात पकडलेल्या ब्लूफिन कुप्याच्या हजारांहून अधिक नमुन्यांत पाऱ्याचे प्रमाण २००४ ते २०१२ या काळात सुमारे १९ टक्क्यांनी उतरले, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. उत्तर अमेरिकेतली कोळशाची केंद्रे याच काळात पारा कमी सोडू लागली होती.

कायद्याचा आधारही तयार आहे. पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार ऑक्टोबर २०१३ मध्ये कुमामोतोला स्वीकारला गेला आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला. भारताने १८ जून २०१८ रोजी त्याला मान्यता दिली. कराराच्या आठव्या कलमाप्रमाणे नव्या कोळसा केंद्रांत उपलब्ध सर्वोत्तम तंत्र पाच वर्षांत यायला हवे होते आणि जुन्या केंद्रांवर उपाय दहा वर्षांत सुरू व्हायला हवेत. जुन्या केंद्रांची ती मुदत भारतासाठी सप्टेंबर २०२८ ला संपते. तिच्या आत ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा निदान युरोपच्या जवळपास आणावी आणि प्रत्येक केंद्राने मोजलेला पारा लोकांसाठी जाहीर व्हावा. सिंधुदुर्गाच्या खासदारांनी आणि आमदारांनी हा प्रश्न सभागृहात लावून धरायला हवा.

काही कामे मात्र दिल्लीच्या मर्जीवर अडलेली नाहीत. जिल्हा परिषदेने ठरवले तर गरोदर बायकांसाठी मालवणीत माशांची एक यादी छापून ती आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या हाती देता येईल. आरोग्य केंद्रांतली पाऱ्याची रक्तदाबयंत्रे आणि थर्मामीटर गोळा करून सुरक्षित जागी पाठवता येतील. अशा एका रक्तदाबयंत्रात शंभर ग्रॅमच्या आसपास पारा असतो. थर्मामीटर फुटला तर केरसुणी न लावता खिडक्या उघडाव्यात, मुलांना बाहेर काढावे, थेंब जाड कागदाने गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावेत, हे प्रत्येक शाळेत शिकवता येईल. अन्न व औषध प्रशासनाला बाजारपेठेतल्या बिननावाच्या गोऱ्या मलमांचे नमुने उचलता येतील. आणि आंगणेवाडीच्या जत्रेला लाखो माणसे येतात, तिथल्या आरोग्य विभागाच्या मंडपात माशांची ती यादी लावायला एक फलक पुरेल.